बॉनेटवरचं मेण

"काळी गाडी म्हणजे पुढाऱ्याचं चारित्र्य असते, सेवादास! तिच्यावर डाग दिसला नाही पाह्यजे," बबनरावांनी जाहीर केलं आणि तोंडातला खर्रा थुंकला. अर्धा गाडीच्या दारावर आला.

"हो भाऊ," ड्रायव्हर सेवादास म्हणाला आणि त्यानं फडकं काढलं.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. बबनरावांना स्टेज लागत नसे. गर्दी दिसली की गाडी थांबवायची, कडक तळव्याच्या कोल्हापुरीसकट बॉनेटवर चढायचं आणि बोलायचं. उद्या बोरी अरबचा बाजार होता.

मागच्या बाजाराला सेवादासची आई सुखीबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून यवतमाळहून एसटीनं आली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी. तांडा तिथून लांब.

"भाऊ, आईले तांड्यापर्यंत सोडून देऊ का?" सेवादासनं विचारलं होतं.

"तिच्या घागऱ्याले आरशे हायेत बे. सीट फाटते."

म्हातारी उन्हात पायी गेली. बबनराव बॉनेटवर चढले आणि 'आईच्या पायाशीच स्वर्ग असते' या विषयावर बोलले. टाळ्या पडल्या. त्यांची पाण्याची बाटली धरून सेवादास खाली उभा होता.

दार पुसून तो थेट यवतमाळला रोशनच्या दुकानात गेला.

"काळ्या गाडीले कोणतं मेण चांगलं?"

"खोल चमक पाह्यजे तं हे डबीतलं कार्नोबा. टिकाव पाह्यजे तं सीलंट. दोन्ही पाह्यजे तं आधी सीलंट, ते वाळू द्या, मंग कार्नोबा. उलटं केलं तं सीलंट धरत नाही."

"सर्वात जास्त घसरतं कोणतं?"

रोशननं मान वर केली. "दोन्ही लावा अन् वरून हा स्प्रे मारा. माशी बसली तं सरळ बंपरवर येते. पण काहून?"

"भाऊले माशा आवडत नाहीत."

संध्याकाळी त्यानं गाडी धुतली, बॉनेट दुकानातून आणलेल्या चिकणमातीच्या वडीनं घासून काचेसारखं केलं आणि सीलंट लावलं. हातानं फडकं, तोंडानं शिव्या. बायको दीपमाला कमरेवर हात ठेवून पाहत होती. बेत तिला ठाऊक होता.

"एवढं तं कोणी देवालेही पुसत नाही. नोकरी जाईन, समजते का?"

"जाऊ दे. आधी तो पडू दे, मंग जाऊ दे."

बबनरावांचे हातपाय मोडावेत अशी त्याची इच्छा नव्हती. मोडले तर हरकतही नव्हती. पण जिथून आई पायी गेली त्याच बाजारात भाऊ बुडावर बसलेले त्याला एकदा पाहायचे होते. सकाळी कार्नोबाचे दोन थर चढले. छताला आणि दारांना नुसतं पाणी मिळालं. बाजारात पोचल्यावर, भाऊ नमस्कार घेत होते तेवढ्यात, त्यानं स्प्रेही मारून घेतला.

बॉनेटमध्ये अख्खा बाजार उलटा दिसू लागला, टमाट्याच्या ढिगासकट. बबनरावांनी त्यात मिशी सारखी केली. "शाब्बास रे!"

गर्दी जमली. सेवादास पाण्याची बाटली घेऊन बाजूला सरकला. भाऊंचं भाषण ऐकायची घाई त्याला आयुष्यात पहिल्यांदा झाली होती.

बबनरावांनी एक पाय उचलला. मग खाली ठेवला आणि माईक हातात घेतला.

"मायबापहो! मागच्या बाजाराले माह्याकडून एका माऊलीचा अपमान झाला. तांड्यात लय बोभाटा झाला, तो माह्या कानावर आला. म्हणून आज बबनराव बॉनेटवर चढणार नाही. आज तिथं फक्त ती माऊली उभी राहीन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दी दुभंगली. दोन कार्यकर्ते सुखीबाईला हाताला धरून घेऊन आले. गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यावर पट्टी, पायात प्लास्टिकची चप्पल. म्हातारी लाजून हसत होती.

बबनरावांनी माईक बाजूला धरला आणि ते मागं वळून हळूच म्हणाले, "सेवादास, आईले जरा हात दे न. वर चढवून दे."