धर्मशाळेतला ठेचा

“बटाटा कुठून आला गं यादवांच्या राज्यात?” म्हणत नानांनी माझ्या खेळातल्या बाजाराच्या यादीतली पहिलीच ओळ लाल पेनाने खोडली.

रविवारी माझे मित्र खेळायला येणार होते. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट पुढे न्यायची, असा आमचा खेळ. या वेळची गोष्ट देवगिरीच्या वाटेवर घडणार होती. त्यात राक्षस माझे आणि इतिहास नानांचा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेले नाना, माझे वडील, आई गेल्यापासून ‘चहा झाला का’ एवढंच बोलायचे. आज त्यांनी बटाट्यामागोमाग टोमॅटो उडवला, तंबाखू उडवली आणि माझी अक्कलही काढली. मी मनातून खूश होते.

मग धर्मशाळेचं पान आलं. तिथली बाई आल्यागेल्याला आधी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढते, मग नाव विचारते. आईची ही सवय मी तिला देऊन टाकली होती.

नानांचं पेन थांबलं.

“मिरची तेव्हा आपल्याकडे नव्हती,” ते म्हणाले.

“काढू?”

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. “आणि एखादा म्हणाला, मला भूक नाही, तर?”

“तर त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. पंधराच्या वर पडला, तर ती ऐकते.”

“छे!” त्यांनी पान स्वतःकडे ओढलं आणि समासात लाल अक्षरांत लिहिलं, ‘कितीही पडला तरी वाढणारच.’