बाकावरची उज्ज्वला

अकरावीच्या वर्गात दोघी मैत्रिणींपैकी मृण्मयी एकटीच उरली होती. मुलांनी शाळा सोडू नये म्हणून सरकारकडून मिळणाऱ्या कार्डावर हजेरीचे गुण जमत. ते सगळे खर्चून ती शेजारच्या बाकावर उज्ज्वलाची प्रकाशाने बनलेली, बोलणारी प्रतिमा बसवून घेई. खरी उज्ज्वला दहावीनंतर काजूच्या कारखान्यात लागली होती.

"तुला करमतं का गं माझ्याशिवाय?" मृण्मयीने विचारलं.

"मस्त चाललंय!" प्रतिमा नेहमीचंच ठरलेलं उत्तर देत हसली.

मृण्मयी तास अर्धवट सोडून थेट कारखान्यावर गेली.

"शाळा बुडवलीस? आजचे गुण जातील ना!" उज्ज्वला दारातच ओरडली.

"जाऊ देत," म्हणत मृण्मयीने तिचे काळवंडलेले हात धरले. उज्ज्वलाचे डोळे भरून आले. तेवढ्यात भोंगा वाजला आणि ती हात सोडवून आत पळाली.

बोटांना लागलेला काजूचा चीक मृण्मयीने पुसला नाही.