मोडलेला कोपरा

शाळेच्या व्यायामशाळेत उभं राहून राहून कुमुदताईंचे गुडघे पार कुरकुरायला लागले होते. कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकतेय असं झालं होतं. पण अमेरिकेतल्या या आयोवा राज्यातली रीतच अशी. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला, जो इच्छुक पसंत त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. माणसं कमी भरली, की तो कोपरा मोडायचा आणि दुसरा धरायचा. कुमुदताईंचा कोपरा नुकताच मोडला होता.

लगेच उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांतली माणसं धावत आली. कुणी खुर्ची दिली, कुणी कॉफी. समोरच्या घरातली लिंडा इतकी वर्षं रस्त्यापलीकडून नुसता हात हलवायची. आज ती शेजारी बसली. "कुमुद, तुला काय वाटतं?"

हे यजमान गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. लेकही फोनवर विचारायची ते गोळ्या घेतल्यास का, एवढंच.

जायचं तर लिंडाच्याच कोपऱ्यात, हे कुमुदताईंचं कधीच ठरलं होतं. त्यांनी शाल सारखी केली, कॉफीचा घोट घेतला.

"अजून ठरत नाही बाई माझं," त्या म्हणाल्या. "तू पुन्हा पहिल्यापासून सांग बघू."