अनयचा वस्तरा

तीन महिने अनय यूट्यूब बघून वस्तऱ्याला धार लावायला शिकत होता. दोन दगड झिजले, हनुवटीवर प्लास्टरच्या चार पट्ट्या लागल्या, पण दाढी काही होईना.

रविवारी त्याचे बाबा पेपर ठेवून उठले. साउथहॅम्प्टनमध्ये चाळीस वर्षं सर्जन होते ते, आता रिटायर झालेले.

"आण इकडे."

त्यांनी ओल्या दगडावर वस्तरा आडवा टेकवून दहा-बारा वेळा अलगद फिरवला, मग स्वतःच्या तळहातावर उलटसुलट परजला. मनगटाला धार टेकवताच तिथले केस उडाले.

"बाबा, हे सर्जरीमध्ये शिकवतात?"

"नाही. माझ्या वडिलांच्या दुकानात."

"दुकान होतं, ते माहीत आहे. पण कसलं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"दाढी-कटिंगचं. एक खुर्ची, एक आरसा." बाबांनी वस्तरा पुसून मिटला. "इथल्या मराठी मंडळातही कुणाला सांगितलं नाही कधी." आणि ते अनयच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

अनय एकदम खूश झाला. "म्हणजे हे आपल्या ब्लडमध्येच आहे."

त्याच्या हनुवटीकडे बघून बाबांना हसू आवरेना.

"रक्तात असतं तर ह्या चार पट्ट्या लागल्या असत्या का? मी वर्षभर फुग्यांना साबण लावून त्यांची दाढी केली, तेव्हा कुठे पहिला माणूस मिळाला. जा, दगड भिजव."