रद्द झालेली माणसं

“माझ्यामागून म्हण,” पाळक म्हणाले. “देवानं माझ्या लोकांशी केलेला जुना करार रद्द झाला.”

सून पदर सावरत उभी होती. तिच्यापुढे बाप्तिस्म्याचं पाणी होतं. पाण्याच्या पलीकडे सासू, आणि सासूच्या हातात सुनेची तान्ही मुलगी. बाळाला आजीनंच पाण्याजवळ न्यायचं, ही या चर्चची रीत. सासूनं ती आज जरा जास्तच मनावर घेतली होती. कुणी हिसकावून नेईल अशी पोर घट्ट धरली होती.

“म्हण. देवानं माझ्या लोकांना टाकलं. आता ही मंडळी हीच त्याची निवडलेली प्रजा.”

सून जन्मानं यहुदी. लग्नाआधी तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, येशूवर विश्वास होता म्हणून. तेव्हा तिला असलं काही म्हणायला कुणी लावलं नव्हतं. आजची परीक्षा निघाली ती सासूमुळे.

सासूला गल्लीत सगळे गुप्तपोलीस म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. नवऱ्याच्या शर्टाचा वास घेतल्याशिवाय ती तो धुवायला टाकत नसे. नवरा सुतार. त्याच्याकडे एखादी बाई मोडकी खुर्ची घेऊन आली, की ही डबा घेऊन हजर, मग जेवणाची वेळ असो वा नसो. सख्ख्या बहिणीकडेही कधी मुक्कामाला राहिली नाही. घरात सून आली आणि पहाऱ्याला नवीन काम मिळालं. ही खरंच आपल्यात आलीय, की एक पाय अजून तिकडेच आहे? एकदा दाराआडून तिनं ऐकलं. सून पाळण्यावर वाकून काहीतरी पुटपुटत होती, तिच्या लोकांच्या जुन्या भाषेत. सासू चपला घालून तडक पाळकांकडे गेली.

सुतार चर्चच्या कमिटीचा प्रमुख. सकाळी टायची गाठ मारता मारता त्यानं निकाल देऊन टाकला. “पाळक सांगतील ते म्हणायचं. नाही म्हटलंस तर तू माहेरी, पोर इथे.” त्याचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ती नाडी त्याच्याच्यानं काही बांधून होईना.

“पाळण्यापाशी काय पुटपुटत होतीस?” आता पाळकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“आजीनं शिकवलेली प्रार्थना. येशूच्या यहुदी आईनंही त्याला हीच शिकवली असेल.”

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

“प्रश्न येशूचा नाही,” पाळक म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. “करार तुझ्या लोकांनी मोडला. म्हणून देवानं तो काढून घेतला आणि आम्हाला नवा दिला. इतकं साधं आहे.”

“तुम्ही मोडत नाही?”

“आमच्यावर कृपा आहे.”

“आमच्यावरही होती, पाळकसाहेब. कायमची, असं देव म्हणाला होता.” सुनेचा आवाज चढला नाही. “मला येशू हवा आहे. माझ्या पोरीलाही हवा आहे. पण देवानं माझ्या आजीला दिलेला शब्द फिरवला, हे मी म्हणणार नाही. शब्द फिरवणाऱ्याच्या हाती मी पोर कशी देऊ? आज तो हिला ‘माझी’ म्हणेल. उद्या त्याला दुसरं कुणी आवडलं तर?”

बाकांवर चुळबुळ झाली. निवडलेल्या माणसांना असले प्रश्न आवडत नाहीत. आपली निवड झाली की ती कुणाला वगळून झाली, याची चौकशी करायची नसते.

“पुरे झालं,” सुतार पुढच्या बाकावरून उठला. बायकोला म्हणाला, “पोरीला घेऊन घरी चल. हिच्या माहेरी मी कळवतो.”

सासू हलली नाही. डोळे बारीक करून ती सुनेकडे बघत होती. आयुष्यभर सगळ्यांकडे बघत आली तशीच. मग ती नजर हळूहळू वळली आणि नवऱ्यावर येऊन थांबली.

पाण्याला वळसा घालून ती पलीकडे गेली. पोर सुनेच्या हातात दिली.

“हे काय चालवलंयस?” सुतार म्हणाला.

“हिची आहे, हिला दिली.”

“डोकं फिरलंय का तुझं? सगळी मंडळी बघतेय.”

“बघू दे. तुम्ही बाप्तिस्मा घेतलात, त्या दिवशी याच दारात मला म्हणाला होतात, जुनं सगळं रद्द, आता तूच. केवढी हरखले होते मी.” ती जवळ आली. आवाज खाली आणायची तिला गरज वाटली नाही. “त्या जुन्यात तुमची पहिली, लग्नाची बायको होती. तिलाही तुम्ही ‘तूच’ म्हणाला असाल ना?”