धाकटीला पाऊण तास

पाऊण तास होत आला तरी धाकटी ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येईना. थोरली बाहेरच्या बाकावर, एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून, दुसऱ्या डोळ्याने घड्याळाकडे बघत बसली होती. दोघी सख्ख्या जावा, दोघींना मोतीबिंदू, डॉक्टरीणही एकच. थोरलीला बारा मिनिटांत मोकळं केलं होतं. धाकटीचे मात्र आत लाड चालले होते.

तेवढ्यात सिस्टर एक सीलबंद सिरिंज घेऊन लगबगीने आत गेली. ही तिसरी. ती रिकाम्या हाताने परतताच थोरलीने तिला गाठलं.

"काय गं, त्या सिरिंजमध्ये असतं तरी काय?"

"जेल, काकू. डोळ्यात भरतात. आतल्या नाजूक भागाला धक्का लागू नये म्हणून."

"मला किती भरलं?"

"तुम्हाला एकच पुरली."

"पुरली म्हणे! आमचा डोळा काय रस्त्यावर पडला होता?"

सिस्टर हसत निघून गेली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जावाजावा, उभा दावा म्हणतात ते काही उगीच नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून धाकटीच्या वाट्याला सगळं जास्तच आलं होतं. रंग उजळ, आवाज गोड, सासूबाईंच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव. आणि आता साठी उलटल्यावर डोळ्यातलं जेलसुद्धा तिप्पट!

दार उघडलं. धाकटी सिस्टरचा हात धरून चाचपडत आली नि थोरलीच्या शेजारी टेकली. मागोमाग डॉक्टरीण आली. तिच्या टोपीची कड घामाने भिजली होती.

"हिला बरा वेळ दिलात," थोरली फणकाऱ्याने म्हणाली.

"द्यावाच लागला. डोळ्याची पुढची काच असते ना, कॉर्निया, तिच्या आतल्या अंगाला पेशींचा थर असतो. तोच ती काच स्वच्छ ठेवतो. त्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. तुमच्या भरपूर आहेत. यांच्या या डोळ्यात निम्म्याही नव्हत्या. मी घाई केली असती तर मोतीबिंदूबरोबर नजरही गेली असती. म्हणून थोडं काम केलं की थांबायचं, पुन्हा जेल भरायचं, असं करत गेले."

थोरलीचा फणकारा जागच्या जागी विरला. "पण आता दिसेल ना हिला?"

"आठ-दहा दिवसांत कळेल. उरलेल्या पेशी तगल्या तर दिसेल."

"इतक्या कमी कशाने झाल्या?"

"जुना मार आहे. तरुणपणी कपाटाचं दार लागलं होतं म्हणाल्या. पण दाराने एवढं..."

"दारच होतं," धाकटी घाईघाईने म्हणाली आणि तिने थोरलीचा हात घट्ट धरला.

चाळीस वर्षं ती हेच सांगत आली होती. नवऱ्याला, सासूला, अख्ख्या घराला. आणि चाळीस वर्षं थोरलीने ते खाली मान घालून ऐकलं होतं. आज तिला ते ऐकवेना.

"दार नव्हतं, डॉक्टर," ती म्हणाली. "सासूबाईंनी घराच्या किल्ल्या हिच्या हाती दिल्या, म्हणून मी तो जुडगा हिच्या तोंडावर फेकून मारला होता."