निजलेलं मूळ

नवसाबाईनं खुरपं बाजूला टाकलं आणि हातानंच माती उकरली. मूळ लागलं ते काळं, लिबलिबीत. कुजका वास नाकात शिरला तशी ती ते हातात धरून तिथंच बसून राहिली.

मल्हारीनं, तिच्या एकुलत्या एका पोरानं, देवळालीच्या एका बंगल्यातून हे निळ्या घंटीच्या फुलांचं मूळ आणून दारात छपराखाली लावलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात पोरगा पोटाच्या दुखण्यानं गेला. झाड मात्र तेव्हा फुलांनी लगडलेलं. उन्हाळ्यात ते वरून पार वाळलं, तेव्हा तिला वाटलं, हेही गेलं. नवरा सहादू त्याच बंगल्यावर माळी. तो म्हणाला, "मेलं नाय, निजलंय. आठवड्याला एक तांब्या घाल, थेंब जास्त नको. दसऱ्याला फुटंल." एवढंच. पोर गेल्यावर त्या बाप्यानं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, आणि ते तिला आतून सलत होतं.

ती दर रविवारी मोजून एक तांब्या घालायची. पण वैशाखात एका सकाळी पाहते तर माती ओली. दुसऱ्या दिवशीही ओली. मल्हारीच येऊन पाणी घालतो, दुसरं कोण येणार? तिनं कुणाला सांगितलं नाही. बोलून बसले आणि यायचा थांबला तर? रोज उठून ती आधी ओल चाचपायची, मग चूल पेटवायची. वेडीच म्हणा, पण त्या ओलीवर तिनं अख्खा उन्हाळा काढला.

दसरा गेला, दिवाळी गेली. कोंब काही आला नाही. आणि आज हे.

सहादू कामावरून आला. सायकल भिंतीला टेकवून तो तिच्या हातातल्या मुळाकडं बघत राहिला.

"पाण्यानं कुजलं," ती म्हणाली. "मी तर आठवड्याला एकच तांब्या घालत व्हते."

"रोजचा माझा व्हता."

"तुमचा? माळी असून?" ती उसळली. "जास्त नको म्हणून तुम्हीच बजावलं व्हतं ना?"

सहादू तिच्या शेजारी मातीतच बसला.

"पोराचं आपरेशन झाल्यावर तू घरी आलीस, मी दवाखान्यात त्याच्यापाशी थांबलो. पोरगं रातभर पाणी मागत व्हतं. डाक्टर नको म्हणलेले, म्हणून मी घोटभर दिलं नाय. सकाळी गेला." त्यानं तिच्या हातातलं मूळ अलगद आपल्या हातात घेतलं. "आता मला कुणाला नाय म्हणवत नाय, नवसे."